पदवीनंतरचीं पानें
(डॉ. आनंदीबाई जोशी व डॉ. रखमाबाई यांच्या चरित्रसाधनांविषयीं)

विश्रांतवाडीच्या चौकापासून जवळच एक रद्दीचें दुकान आहे. गतवर्षीं जुन्या पाठ्यपुस्तकांच्या शोधांत आम्ही तेथें गेलों असतां, विलायतेंत प्रसूतिशास्त्राचें विशेष शिक्षण घेऊन स्वदेशीं परतलेल्या एका दिवंगत डॉक्टरांच्या नोंदवह्या तराजूवर पडलेल्या दिसल्या. दोन हातीं लागल्या. बाकीच्या आदल्याच दिवशीं वजनानें गेल्या होत्या. प्रत्येक पानावर रुग्णेचें नांव, गांव, प्रसूतीचा प्रकार, औषध आणि समासांत फी. कित्येक ठिकाणीं फीच्या जागीं नुसती आडवी रेघ. नांवें येथें देणें उचित नाहीं. परंतु त्या वह्या चाळल्यावर डॉ. आनंदीबाईंचीं चरित्रें पुन्हां वाचावीं असें वाटलें, व वाचल्यावर एक आक्षेप नोंदविणें अवश्य झालें.

आक्षेप असा कीं, आमचे चरित्रकार पदवीला कळस मानतात. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांत आनंदीबाईंस एम्. डी. ही पदवी मिळाली, पंडिता रमाबाई त्या समारंभास हजर होत्या, हें वर्णन सर्वत्र विस्तारानें येतें. परंतु १८८३ सालीं श्रीरामपूर (बंगाल) येथील सभेंत आनंदीबाईंनीं जो हेतु सांगितला तो पदवीचा नव्हता. हिंदुस्थानांत स्त्रीवैद्यांची गरज आहे व ती पुरविण्यासाठीं आपण शिकावयास जात आहों, असा तो होता. म्हणजे खरा कळस परतण्यांत होता. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या. मध्यें चार महिनेही लोटले नाहींत.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागाची जागा त्यांस देऊं केली होती व त्यांनीं ती स्वीकारलीही होती. परंतु नेमणूक निराळी आणि काम निराळें. आजारामुळें त्यांस तेथें रुजू होतां आलें नाहीं. तथापि 'कोल्हापुरास त्यांनीं रुग्णसेवा केली' अशीं वाक्यें अद्याप छापलीं जातात. शाळेंत मुलांची असली चूक आम्ही तांबड्या शाईनें खोडीत असूं.

कॅरोलाइन डॉल यांचें इंग्रजी चरित्र १८८८ सालीं बोस्टनला निघालें; काशीबाई कानिटकरांचें मराठी चरित्र १८८९ सालचें. दोन्ही प्रसंगाला लागून लिहिलेलीं, दोहोंत पत्रांचा भरपूर आधार, म्हणून दोन्ही मोलाचीं. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ ची कादंबरी सरस आहे यांत वाद नाहीं. पण पुढें वाचकांनीं कादंबरीलाच दप्तर मानलें, हा दोष कादंबरीकाराचा नव्हे. २०१९ च्या चित्रपटानें तो समज अधिकच पक्का केला.

आमच्या मतें सर्वांत उपेक्षित राहिलें तें साधन म्हणजे आनंदीबाईंचा पदवीप्रबंध. विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र. त्याचा उल्लेख सगळे करतात. ग्रंथ म्हणून परीक्षण फार थोडे. येथें संस्कृतज्ञांस काम आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानाचा दहावा अध्याय गर्भिणी व प्रसूति यांविषयीं आहे. निदानस्थानाच्या आठव्यांत व चिकित्सास्थानाच्या पंधराव्यांत मूढगर्भाचा विचार आहे. चरकाच्या शारीरस्थानाचा आठवा अध्यायही याच विषयाचा. कुंजलाल भिषग्रत्नांचें सुश्रुताचें इंग्रजी भाषांतर १९०७ पासून निघूं लागलें, म्हणजे तें आनंदीबाईंपुढें असणें शक्य नाहीं. मग त्यांनीं घेतलेलें कोणतें वचन मुळांतून आलें, कोणतें वाइझसारख्या इंग्रज ग्रंथकाराच्या द्वारें, आणि कोणतें घरच्या सुइणीच्या तोंडून? ओळीस ओळ लावून ताडून पाहिल्याशिवाय त्या प्रबंधाची स्तुति करणें व निंदा करणें सारखेंच पोकळ.

आतां दुसरी बाजू. डॉ. रखमाबाई १८८९ सालीं इंग्लंडास गेल्या, लंडनच्या स्त्रीवैद्यक विद्यालयांत शिकल्या, आणि १८९५ च्या सुमारास परतून सुरतेच्या स्त्रीरुग्णालयांत रुजू झाल्या, पुढें राजकोटास. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनीं प्रत्यक्ष काम केलें, व १९५५ सालीं त्या वारल्या. आनंदीबाईंनीं जें योजिलें तें रखमाबाईंनीं करून दाखविलें. तरी दादाजी भिकाजींच्या दाव्यावर, म्हणजे १८८४ ते १८८८ या चारच वर्षांवर, जितकी शाई खर्च झाली तितकी त्या तीस वर्षांवर झालेली नाहीं. मोहिनी वर्दे यांच्या चरित्राचा अपवाद मान्य करूनही हें म्हणावें लागतें. कारण उघड आहे. दावा न्यायालयाच्या दप्तरांत व वृत्तपत्रांत राहिला; प्रसूतिगृहांतील रात्री केवळ नोंदवह्यांत राहतात, आणि नोंदवही कोणी जपीत नाहीं. आम्ही मोडी फर्मानांसाठीं वाडे धुंडाळतों, पण दवाखान्याची वही आम्हांस कागद वाटत नाहीं. प्रस्तुत लेखकही यांतून सुटत नाहीं; तीस वर्षांपूर्वीं असला एक गठ्ठा समोर असतां त्यानें त्यांतली एक पोथी तेवढी उचलली होती.

वरील दोन वह्या, डॉक्टरांच्या कुटुंबीयांची संमति मिळाल्यास, रुग्णांचीं नांवें झांकून मंडळाच्या संग्रहीं ठेवण्याचा विचार आहे. परदेशीं शिकून आलेल्या जुन्या वैद्यांच्या नोंदवह्या, औषधांच्या याद्या किंवा दवाखान्याचे जमाखर्च कोणा वाचकाच्या घरीं असतील, तर रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांनीं एक पत्र टाकावें. वाळवी लागलेले असले तरी चालतील.