पोनीबॉयची साक्ष : ‘द आउटसायडर्स’मधील निवेदकाविषयी

एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात शाळेत शिकत असतानाच लेखिकेने ती लिहायला घेतली होती. गरीब वस्तीतले, केसांना तेल चोपडणारे ‘ग्रीजर’ आणि श्रीमंत घरांतले ‘सोश’ या दोन टोळ्यांतील वैर हा तिचा विषय. चौदा वर्षांचा पोनीबॉय कर्टिस हा तिचा नायक आणि निवेदकही. या दुहेरी भूमिकेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पोनीबॉयविषयीचे आपले आकलन बहुधा अपुरे राहते.

पोनीबॉय म्हणजे टोळीत राहूनही टोळीचा नसलेला, पुस्तके, चित्रपट आणि सूर्यास्त यांत रमणारा संवेदनशील मुलगा, असे त्याचे रूढ वर्णन केले जाते. ते खोटे नाही. परंतु ते बव्हंशी पोनीबॉयने स्वतःविषयी दिलेल्या माहितीवर आधारलेले आहे. म्हणून ही माहिती देणारा माणसे कितपत नीट वाचतो, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. कादंबरीतील पुरावा असा की, तो ती वारंवार चुकीची वाचतो.

थोरला भाऊ डॅरी हे याचे ठळक उदाहरण. आईवडील मोटार अपघातात जाऊन आठ महिने झाले आहेत. वीस वर्षांचा डॅरी कॉलेजचा विचार सोडून घरांची छपरे शाकारण्याचे काम करतो आणि दोन भावांचा संसार चालवतो. त्याच्या कठोरपणाचा अर्थ पोनीबॉय द्वेष असा लावतो. पण हे सांगत असताना डॅरीच्या कष्टांचे आणि काळजीचे जे तपशील तो नोंदवतो, तेच त्याचा निष्कर्ष खोडून काढतात. इस्पितळात डॅरीला रडताना पाहून, आणखी एक जिवलग गमावण्याची धास्ती त्या कठोरपणामागे आहे, हे पोनीबॉयला उमगते. वाचकाला ते कितीतरी आधी कळलेले असते.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष वाचनाचेच आहे. सोश पोनीबॉयला पाण्यात बुडवू लागतात तेव्हा जॉनी त्यांच्यातील बॉबला भोसकतो, आणि दोघे एका पडक्या चर्चमध्ये लपतात. तेथे ते ‘गॉन विथ द विंड’ वाचतात. शाळेत मागे पडलेला जॉनी त्या पुस्तकातून पोनीबॉयपेक्षा अधिक अर्थ काढतो. त्यातील दाक्षिणात्य वीरांचे शौर्य त्याला डॅली या गुंड मित्रात दिसते. पोनीबॉयला डॅली नकोसा वाटतो, कारण तो फार खरा आहे. पुस्तकातल्या नायकांची आठवण करून देणारी माणसे त्याला अधिक जवळची. पुस्तके आवडणे आणि माणसे वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे सूचित होते.

चर्चला आग लागते, आत सापडलेल्या मुलांना वाचवताना जॉनीच्या पाठीचा कणा मोडतो आणि काही दिवसांनी तो मरतो. लगोलग डॅली रिकामे पिस्तूल रोखून पोलिसांच्या गोळ्या ओढवून घेतो. यानंतर पोनीबॉयचे निवेदन ढासळते. बॉबला आपणच मारले, जॉनी मेलेलाच नाही, असे तो बोलू लागतो. न्यायालयात त्याला घराविषयी, शाळेविषयी मोजके प्रश्न विचारले जातात. बॉबच्या मृत्यूविषयी काहीच विचारले जात नाही. न्यायाधीशांच्या सहृदयतेमुळे तो सुटतो, भाऊ एकत्र राहतात. पण त्याची साक्ष मात्र द्यायची राहूनच जाते.

ही राहिलेली साक्ष म्हणजेच ही कादंबरी. इंग्रजीच्या शिक्षकांनी अनुत्तीर्ण होऊ नये म्हणून सांगितलेला निबंध पोनीबॉय लिहायला बसतो, आणि कादंबरी जिथून सुरू झाली त्याच वाक्याशी संपते. तेव्हा वाचकाच्या लक्षात येते की, पहिल्या पानावर बोलणाऱ्या पोनीबॉयला पुढचे सारे ठाऊक होते. डॅरी द्वेष करत नाही, हे त्याला कळून चुकले होते. तरीही आपले पूर्वीचे चुकीचे वाचन त्याने दुरुस्त केलेले नाही; जसे होते तसे नोंदवले आहे. पोनीबॉयचे प्रौढत्व शोधायचे तर येथे शोधावे लागते. स्वतःला शहाणा दाखवण्याची सोय हाताशी असताना तो ती नाकारतो.

शेवटाकडचा एक लहान प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. काही सोश अंगावर येतात तेव्हा पोनीबॉय बाटली फोडून त्यांना पळवून लावतो. टू-बिट हा मित्र धास्तावतो. मग कुणाच्या गाडीचे चाक पंक्चर होऊ नये म्हणून पोनीबॉय काचा वेचू लागतो, आणि टू-बिटला हायसे वाटते. मित्राच्या त्या सुटकेचे कारण पोनीबॉयला कळत नाही. आपल्याला न उमगलेली खूणही प्रामाणिकपणे नोंदवणारा हा साक्षीदार आहे. म्हणूनच तो विश्वासार्ह ठरतो.

या साक्षीला मर्यादा आहेतच. दोन्ही वस्त्यांतून सूर्यास्त सारखाच दिसतो, या जाणिवेने पोनीबॉय आणि चेरी ही सोश मुलगी जवळ येतात. पण शाळेत भेटलो आणि मी बोलले नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, असेही चेरीच त्याला बजावते. सूर्यास्ताची समता शाळेच्या दारापर्यंतही टिकत नाही. वर्गभेदाचा हा प्रश्न कादंबरी नेमका ओळखते. मात्र त्याची चिकित्सा न करता ती व्यक्तींच्या परस्पर सहानुभूतीत विसावा शोधते. चेरीचे स्वतःचे दुःखही पोनीबॉयला ओझरतेच दिसते.

तरीदेखील शहरोशहरीच्या अशा मुलांची बाजू कुणीतरी सांगायला हवी, या जाणिवेने पोनीबॉय लेखणी उचलतो, याचे मोल कमी होत नाही. ज्यांची बाजू सांगायची ते जॉनी आणि डॅली आता नाहीत. त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला कसा मिळतो, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर साधे आहे : आधी स्वतःच्या चुका नोंदवून.