घागरीपर्यंत न पोहोचणारा नमुना

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या गुणवत्ता अहवालाची बातमी झाली आणि बातमी होता होता तिचा अर्थ बदलला. मे 2023 मध्ये देशात 15,259 ठिकाणचे पाणी तपासले. सुमारे 20 टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेवर निघाले. महाराष्ट्रात 35 टक्क्यांहून अधिक. यावरून ‘राज्यातला तिसरा माणूस दूषित पाणी पितो’ असे मी लातुरात एका व्याख्यानात ऐकले. अहवाल तसे म्हणत नाही, म्हणूही शकत नाही. त्याने मोजल्या त्या जागा.

समजा, एका गावात दहा पाणवठे आहेत. आठ आडांचे पाणी वाईट, पण त्यांवर मिळून शंभर माणसे. उरलेल्या दोन बोअरवर नऊशे. नमुने 80 टक्के नापास, माणसे 10 टक्के. आकडे उलटे केले तर उलटा घोटाळा. भूजलाचा कल पाहायला निरीक्षण विहिरी ठीकच आहेत. माझा आक्षेप त्यांवरून माणसाच्या पोटात काय गेले हे सांगण्याला आहे.

त्यात महिना मे. आपल्याकडे तेव्हा कित्येक आड कोरडे पडतात आणि कोरड्या आडाचा नमुना निघत नाही. तिथली माणसे टँकरवर किंवा विकतच्या जारवर जातात, म्हणजे टंचाई जितकी तीव्र तितकी ती तक्त्यातून गळतात. 2016 चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण आटले होते आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. त्या दिवसांत शहरातल्या विहिरी कितीही काटेकोर तपासल्या असत्या, तरी कृष्णाकाठचे पाणी पिणाऱ्यांबद्दल काय कळले असते?

मग घरे निवडावीत, तर दसऱ्यानंतर तांड्यांवर कुलपे. कोयत्याची जोडी लेकरांसह कारखान्यावर गेलेली असते. पाहणी करणारा ‘घर बंद’ लिहितो आणि शेजारचे उघडे घर घेतो. हे शेजारचे घर म्हणजे बहुधा न गेलेल्याचे, थोडी जमीन किंवा नोकरी असलेल्याचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निवडलेल्या घराऐवजी दुसरे घर घेता येत नाही, ते याचसाठी. (गल्लीबोळातल्या पाहण्यांनी एवढा एक नियम उचलला तरी पुष्कळ.)

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1980 च्या सुमारास न्यू जर्सीत हवेसाठी वेगळी वाट धरली. शास्त्रशुद्ध नमुन्याने माणसे निवडून त्यांच्या अंगावरच मोजणीची साधने दिली. रासायनिक कारखान्यांच्या शेजारीही अनेक द्रव्ये बाहेरच्या हवेपेक्षा घरात जास्त सापडली. केवळ चौकात यंत्र ठेवून हे दिसले नसते.

लातूर-नांदेडसाठी मी असे सुचवीन : गावे लोकसंख्येच्या प्रमाणात निवडावीत, तांडे-वस्त्यांचा स्तर वेगळा ठेवावा, निवडलेल्या घरातल्या माठातले पाणी घ्यावे, विहिरीतले नव्हे. एक फेरी मेमध्ये, दुसरी पावसाळ्यानंतर पण तोडीला निघण्याआधी. आणि तोडीवर गेलेल्यांचा माग फडापर्यंत काढावा. खर्च वाढेल. त्यापेक्षा नमुने कमी घेतले तरी चालतील.

वरचे दूध पिणारी तान्ही बाळे मात्र अशा निवडीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच येतील, आणि नायट्रेटचा धोका सर्वांत जास्त त्यांनाच : रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. आई पाणी उकळून दूध कालवते. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून थोडे दाटच होते. म्हणून अशी घरे मुद्दाम जास्त घ्यावीत आणि हिशेब करताना त्यांचा भार त्या प्रमाणात उतरवावा.