फ्रॉइड यांचा कोकाविषयक निबंध : एक परीक्षण

सिग्मंड फ्रॉइड यांचा कोका या वनस्पतीवरील निबंध जुलै १८८४ मध्ये व्हिएन्ना येथे प्रसिद्ध झाला. पेरू देशातील इंकांच्या कोकाभक्तीचे त्यातील वर्णन आजही वाचनीय आहे. शास्त्रीय निबंधास न शोभावे इतके ते रसाळ आहे. येथे विचार करावयाचा आहे तो मात्र कोकेनमुळे मॉर्फिनचे व्यसन सुटते, या त्यातील प्रतिपादनाचा.

अमेरिकन वैद्यांचे वृत्तांत वगळल्यास या प्रतिपादनाचा आधार म्हणजे फ्रॉइड यांनी स्वतः पाहिलेला एक रुग्ण. हा रुग्ण म्हणजे त्यांचे मित्र, शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्लाइश्ल-मार्क्सोव्ह, असे अभ्यासक मानतात. अंगठ्यावरील शस्त्रक्रियेनंतर जडलेल्या असह्य वेदनांपायी ते मॉर्फिनच्या आहारी गेले होते. निबंध सांगतो की, रुग्णाने आरंभी दररोज तीन डेसिग्रॅम कोकेन घेतले आणि दहा दिवसांनी त्याला त्याचीही गरज उरली नाही. दहा दिवस! व्यसनमुक्तीचा निर्वाळा देण्यास हा अवधी किती तोकडा होता, हे वर्षाच्या आतच दिसून आले. १८८५ मध्ये फ्लाइश्ल कोकेनच्या प्रचंड मात्रा घेत होते व त्यांना साप आणि किडे दिसू लागले होते. मॉर्फिन सोडताना होणाऱ्या थंडीची व अतिसाराची नोंद निबंधात आहे. ज्या वेदनेने रुग्ण मॉर्फिनकडे वळला तिला त्यात स्थान नाही. थोडक्यात, परीक्षा झाली ती औषधाची, रुग्णाची नव्हे.

एर्लेनमायर यांनी कोकेनला मद्य व मॉर्फिन यांच्या पंक्तीस बसविल्यावर फ्रॉइड यांनी १८८७ मध्ये उत्तर दिले. कोकेनचे बळी मूळचे मॉर्फिनव्यसनीच असतात, असा त्याचा आशय. परंतु १८८४ मध्ये कोकेनची शिफारस झाली होती ती याच रुग्णांसाठी! पुढे १९०० मधील स्वप्नविषयक ग्रंथात, मित्राला औषध केवळ पोटात घेण्यास सांगितले होते, टोचून घेण्यास नव्हे, असे ते लिहितात. १८८५ च्या व्याख्यानात मात्र त्वचेखाली टोचण्याचीच निःसंकोच शिफारस आहे. ही विसंगती केवळ स्मृतिदोषाची मानणे कठीण आहे.

कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेतील औषधनियंत्रकांनी मान्य केलेले एकही औषध आजतागायत नाही. वारंवार मूत्रपरीक्षा करून ती निर्दोष आढळल्यास रुग्णाला लहानसे बक्षीस देण्याची पद्धती त्यातल्या त्यात गुणकारी ठरली आहे. आणि बक्षिसे थांबल्यावर तो गुण किती टिकतो, याचा शोध तेथे महिनोन्महिने घेतला जातो.