नामसाम्य आणि अर्थभेद : ‘लिबकर्ल’मधील एक दुरुस्ती

अनेक संगणकप्रणालींवर एकसारखी चालण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या नेटवर्क-लायब्ररीची खरी परीक्षा फसलेल्या जोडणीत होते. ‘लिबकर्ल’चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कोणते सॉकेट सिद्ध झाले हे सांगणारे ‘पोल’ हे फंक्शन युनिक्स-परंपरेतील. त्याच धर्तीवर मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टात (2007) ‘डब्ल्यूएसएपोल’ दिले. नाव जवळचे, रचनाही बहुतांशी तीच. परंतु समोरच्या यंत्राने जोडणी नाकारली असता ‘पोल’ तसे कळवी, हा नवा भाऊबंद मात्र मौन धरी. आणि आज्ञावली मुदत संपेपर्यंत ताटकळत राही. 2012 मध्ये लिबकर्लने त्याचा त्याग करून जुन्या ‘सिलेक्ट’चा आश्रय घेतला.

हे पाऊल मागे पडले, असा आक्षेप संभवतो. कारण विंडोजवर ‘सिलेक्ट’ची मूळ मर्यादा अवघ्या 64 सॉकेटांची आहे. शिवाय तेथे फसलेली जोडणी लेखनसंचात न येता अपवादसंचात येते. तथापि हे भेद लेखी नोंदलेले असल्याने त्यांची तजवीज करता येते. मौनाची येत नाही. मायक्रोसॉफ्टने तो दोष विंडोज 10च्या 2004 क्रमांकाच्या आवृत्तीत दूर केला (हा आकडा वर्षाचा नव्हे, ती आली 2020 मध्ये). तोपर्यंतची आठ वर्षे पाहता लिबकर्लचा निर्णय उतावळा म्हणता येणार नाही.