उचंत खात्यातले पिवळे

पुस्तकांची परीक्षणे सगळेच लिहितात. आमच्या औरंगपुऱ्यात तर पुस्तकांची दुकाने एवढी की रस्त्यात कुणाला धक्का लागला तर तो समीक्षक निघतो. मी आज परीक्षण करणार आहे ते दुकानात न मिळणाऱ्या आणि फुकट असलेल्या एका प्रकाशनाचे. नाव ‘पायटेस्ट’, आवृत्ती ८.४, जून २०२५. बी. कॉम. माणसाला हा उद्योग कुणी सांगितला, असे आपण विचाराल. माझा भाचा एका पतसंस्थेसाठी व्याजाचा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहितो. नवी आवृत्ती बसवली आणि ‘मामा, या लोकांनी माझं चालतं काम मोडलं!’ म्हणून त्याने घर डोक्यावर घेतले.

पायटेस्ट म्हणजे प्रोग्रॅमचा ऑडिटर. दहा हजारांवर सात टक्क्यांनी वर्षाचे सरळ व्याज सातशे येते का, असले बारीक प्रश्न आपण लिहून ठेवायचे. तो ते एकेक करून विचारतो. जमले की हिरवा ठिपका, चुकले की तांबडा ‘एफ’. आणि सांगू की नको असे झाले, की पिवळी अक्षरे. माझे भांडण आहे ते या पिवळ्याशी.

बँकेत सस्पेन्स नावाचे खाते असते; जुनी मंडळी त्याला उचंत म्हणत. ज्या रकमेचा ठिकाणा लागत नाही ती तिथे टाकायची, दिवसअखेर टॅली लावायची आणि घरी जायचे. उद्या ती तिथून काढायची असते खरी. पण उद्या हा वार कुठल्याच कॅलेंडरात नाही.

पायटेस्टनेही असेच उचंत चालवले. ‘यील्ड’ हा शब्द वापरून एका चाचणीतून अनेक चाचण्या काढायची एक जुनी रीत होती. ती नोव्हेंबर २०१८ च्या ४.० आवृत्तीने बंद केली. बंद म्हणजे कशी? चाचणी चालवायची नाही, पण नापासही करायची नाही. ‘हिचे नापास होणे अपेक्षितच होते’ असा पिवळा ‘एक्स’ मारायचा आणि खाली एक इशारा छापायचा. हे साडेसहा वर्षे चालले! पोरगे परीक्षेला बसलेच नाही, आणि प्रगतिपुस्तकावर बापाची सही होते आहे.

दुसरा मासला. चाचणीत ‘असर्ट’ लिहून खडसावून विचारण्याऐवजी कुणी नुसते ‘रिटर्न’ लिहिले, तर उत्तर चुकले तरी चाचणी पास. व्हाउचर कुणी वाचलेच नाही, शिक्का मात्र बसला. २०२२ च्या ७.२ आवृत्तीपर्यंत यावर साधा इशाराही नव्हता. ८.४ ने हे दोन्ही प्रकार सरळ तांबडे केले.

भाच्याच्या तेरा चाचण्या पडल्या त्या अशा. त्या नीट लिहून चालवल्या, तेव्हा अकरा हिरव्या झाल्या. दोन तांबड्याच राहिल्या, कारण मुदतीआधी मोडलेल्या ठेवीवर एक टक्का दंड कापायचा, तो दोनदा कापला जात होता. आता बोला! आजारपणासाठी ठेव मोडणाऱ्या म्हातारीला तांबडे-पिवळे काय कळणार? तिला पासबुक कळते, आणि पासबुकावर तिचा विश्वास असतो.

म्हणून माझा अभिप्राय असा. नव्या आवृत्तीने काही मोडले नाही. मोडलेले होते ते दाखवले. ऑडिटर आल्यामुळे अफरातफर झाली, असे आमच्याकडेसुद्धा कुणी म्हणत नाही, निदान मोठ्याने म्हणत नाही. आधी इशारा, मग शिक्षा, ही पायटेस्टवाल्यांची रीतही सभ्यच. एका रात्रीत सगळे तांबडे केले असते तर जगभर बोंब झाली असती. दोष एकच. न चाललेल्या चाचणीला ‘अपेक्षित’ म्हणणे ही सभ्यता नव्हे, भीड आहे. आणि भिडेच्या ऑडिटरइतका धोकेबाज माणूस बँकेत दुसरा नसतो.

आवृत्ती बदलणाऱ्यांना कारकुनी सल्ला दोन ओळींचा. जुन्या आवृत्तीतच ‘इशारा म्हणजे चूक’ अशी आज्ञा देऊन एकदा सगळे चालवा. तशी सोय आहे. आणि हिरव्या ठिपक्यांवर खूश होण्याआधी ते मोजा. टॅली लागली याचा अर्थ एवढाच, की दोन्ही बाजू सारख्या आहेत. दोन्हीकडून एकच रक्कम गाळली, तरीही टॅली लागते.