‘तिमारिओन’ : पाताळातील न्यायसभा आणि उपरोधाचा रोख

बाराव्या शतकातील ‘तिमारिओन’ या बायझंटाइन ग्रीक संवादाची बोळवण बहुधा ‘लुसियनचे अनुकरण’ एवढ्या शेऱ्यावर होते. लुसियनच्या ‘मेनिपस’ने पाताळप्रवासाचा साचा दुसऱ्या शतकातच घालून दिला होता, हे खरेच. परंतु साचा उसना म्हणून उपरोधही उसनाच, हे गृहीतक या संहितेपुढे टिकत नाही.

थेसालोनिकीच्या संत दिमित्रिओसच्या उत्सवाहून परतताना तिमारिओन ताप व अतिसाराने खंगतो. देहातील सगळे पित्त निघून गेले. चार देहरसांपैकी एक गमावलेल्याला जगता येत नाही, या वैद्यकीय नियमावर बोट ठेवून दोन दूत त्याचा आत्मा ओढून नेतात. पाताळात त्याचे दिवंगत गुरू, स्मर्नाचे थिओडोर, त्याचे वकीलपत्र घेतात. न्यायासनावर मिनोस व एआकोस यांच्यासमवेत सम्राट थिओफिलोस (कारकीर्द ८२९–८४२) बसलेला आहे. चर्चच्या लेखी पाखंडी ठरलेला हा मूर्तिभंजक येथे न्यायप्रियतेमुळे न्यायाधीश झाला आहे! आत्म्याला रक्तमांसाचे अंश चिकटलेले आढळतात, म्हणजे तो बळाने उपटला गेला, असे सिद्ध होते आणि तिमारिओन सुटतो. पापपुण्याचा हिशेब कोणी मागतच नाही. ख्रिस्ती वाचकाला खरा डंख बसतो तो येथे.

योआनेस इतालोसच्या प्रसंगात हा रोख अधिक तीव्र होतो. मूर्तिपूजक ग्रीकांच्या तत्त्वज्ञानाच्या आहारी गेल्याच्या आरोपावरून १०८२ मध्ये चर्चने त्याला दोषी ठरविले होते. पाताळात तो पायथागोरसशेजारी बसू पाहतो, तर अंगावर ख्रिस्ती वेष असल्याने तेथूनही झिडकारला जातो. विद्या प्राचीनांची आणि श्रद्धा ख्रिस्ताची, हे बायझंटाइन विद्वानाचे दुहेरी जगणेच येथे हास्यविषय झाले आहे. लुसियनला हा पेच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे कॉन्स्टंटाइन अक्रोपोलितेसने या कृतीतील ग्रीक-ख्रिस्ती मिश्रणाचा पत्रातून तीव्र निषेध केला. विरोधकाला मर्म अचूक कळले होते, असेच म्हणावे लागते.

१४१४–१५च्या सुमाराच्या ‘माझारिस’मध्येही पाताळ आहे. मात्र तेथे मान्युएल दुसऱ्याच्या दरबारातील हेवेदावेच बोलतात; विष पुष्कळ, विचार बेताचा.

‘तिमारिओन’मधील थिओडोरला हयातीत चमचमीत खाण्यापायी संधिवाताने जखडले होते, पाताळातील साध्या पाल्यावर तो बरा झाला. तरीही खटला जिंकल्यावर तो शिष्याकडे मागतो ते कोकरू, कोंबड्या आणि डुकराचे पिल्लू.