आर्नोकाठची छत्री

फ्लोरेन्समध्ये पाहण्यासारखे जे काही आहे, ते बहुतेक पायी अर्ध्या तासाच्या परिघात दाटीने उभे आहे. ब्रुनेलेस्कीचा घुमट, उफ्फित्सीतली चित्रे, सोनारांची दुकाने अंगावर मिरवणारा जुना पूल, मायकेलँजेलोचा डेव्हिड. बोरीवलीहून युरोपला निघणाऱ्या सहलींत या शहराच्या वाट्याला फार तर एक दिवस येतो आणि तो या चार नावांतच संपतो. मराठी माणसाने त्या दिवसाला आणखी एक सकाळ जोडावी, असे मला मनापासून वाटते. शहराच्या पश्चिम टोकाला काशिने नावाचे लांबलचक उद्यान आहे. ते जिथे संपते, तिथे आर्नो नदीला मुन्योने ही छोटी नदी येऊन मिळते. त्या संगमावर कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची छत्री उभी आहे.

हे राजाराम महाराज म्हणजे शिवरायांचे धाकटे पुत्र नव्हेत. हे करवीरच्या गादीवर 1866 साली दत्तक आलेले, 1850 साली जन्मलेले. 1870 च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावे लागे, असा तो काळ. हिंदू राजाने हौसेने आणि कुतूहलाने विलायत पाहायला निघावे, ही गोष्ट तेव्हा लहान नव्हती. लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, भेटीगाठी आणि स्थळदर्शन यांत महिने गेले. रोजची हकिगत ते इंग्रजीत लिहून ठेवत. ती रोजनिशी त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून 1872 साली लंडनमध्ये छापली. तोपर्यंत लिहिणारा राहिला नव्हता. युरोपातून परतीच्या वाटेवर असताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये महाराजांचे निधन झाले. वय वीस.

फ्लोरेन्स त्या वेळी साधे शहर नव्हते, इटलीची राजधानी होते. 1865 पासून तो मान त्याच्याकडे होता. रोम नुकतेच, सप्टेंबर 1870 मध्ये, इटलीच्या हाती आले होते, पण सरकार अजून आर्नोच्या काठीच होते. त्या राजधानीपुढे एक अवघड प्रश्न येऊन पडला. देहाचे दहन करायचे कसे? इटलीत तेव्हा दहनाची सोय नव्हती. तिथले पहिले आधुनिक दहनगृह मिलानमध्ये 1876 साली झाले. तरीही परवानगी मिळाली. दोन नद्यांचा संगम शोधला गेला आणि हिंदू रिवाजाप्रमाणे काशिनेच्या टोकाला अग्नी दिला गेला. परक्या देशातल्या अधिकाऱ्यांनी एका अनोळखी धर्माचा इतका मान राखावा, ही मला त्या छत्रीइतकीच सुंदर गोष्ट वाटते.

आम्ही गेलो तो सोमवार होता. मोठी संग्रहालये बंद, म्हणून मुले खूश. नवरा, मी, दोन मुले आणि सासूबाई. सासूबाईंचे माहेर कोल्हापूरचे, शिक्षण राजाराम कॉलेजातले. दिवसाची सुरुवात आम्ही सान लोरेन्झोच्या मंडईपासून केली, कारण रिकाम्या पोटी इतिहास पाहू नये असे आमच्या घरात सगळ्यांचेच मत आहे. लोखंड आणि काचेची ही भव्य मंडई जुझेप्पे मेंगोनी या वास्तुकाराने बांधली, मिलानची प्रसिद्ध गॅलरी उभारली तोच हा. मंडई 1874 साली खुली झाली आणि महाराजांची छत्रीही त्याच साली उभी राहिली. आपले क्रॉफर्ड मार्केट 1869 चे. लोखंडी कमानीखाली भाजी विकायची कल्पना दोन्ही शहरांना जवळजवळ एकाच वेळी आवडली होती.

मंडईत एका गाळ्यावर मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत होते. माणसे रांगेत उभी राहून ते पावात भरून घेत होती. सासूबाई वाकून बघून म्हणाल्या, “अगं, ही तर वजरी!” खरोखरच वजरी होती. लाम्प्रेदोत्तो म्हणतात तिला, फ्लोरेन्सचा हा जुना, कष्टकऱ्यांचा खाऊ. पण गाईची आहे कळल्यावर आम्ही पुढे सरकलो. पुढच्या गाळ्यावर मिळालेला पदार्थ मात्र सगळ्यांनी ताटली पुसून खाल्ला. पाप्पा अल पोमोदोरो. शिळा पाव, टोमॅटो, लसूण, बेझिलची पाने, वरून ऑलिव्हच्या तेलाची सढळ धार. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, त्याच घरगुती शहाणपणातून हा पदार्थ आलेला आहे आणि तो राजाच्या ताटातही शोभेल. यातला पाव बिनमिठाचा असतो. तोस्कानात पावात मीठ घालतच नाहीत. नुसता खाल्ला तर सपक लागतो. टोमॅटोचा आंबटपणा आणि तेलाचा तिखटसर कडवटपणा मुरला की कळते, त्याने आपली चव का राखून ठेवली होती. मुलांनी दुसरी वाटी मागितली. सासूबाईंनी पर्समधून तिखटाची पुडी काढली, एक चिमूट घातली, खाऊन पाहिले आणि पुडी परत ठेवली. “नको. असंच बरं आहे,” म्हणाल्या. कोल्हापूरच्या बाईने दिलेली याहून मोठी पावती मी आजवर ऐकलेली नाही.

मग ट्रामने काशिनेच्या तोंडाशी गेलो. मेदिचींच्या काळात इथे गाईगुरांचे गोठे, शेती आणि शिकारीचे रान होते. पुढे ते सर्वांसाठी खुले झाले. नदीला समांतर साडेतीन किलोमीटर लांबीची ही हिरवी पट्टी आहे. इंग्रज कवी शेलीला 1819 साली पश्चिमेच्या वाऱ्यावरची कविता याच रानात सुचली. आम्हाला तिथे सुचले ते आइस्क्रीम. बुओन्तालेन्ती नावाचा दुधाळ, फिकट पिवळा जेलातो हातात घेऊन आम्ही झाडांखालून चालत राहिलो. मुले सायकली भाड्याने घेऊन पुढे गेली. सासूबाईंसाठी प्रत्येक बाकावर एक मुक्काम. नवऱ्याने विचारले, “आई, दमलात का? परत फिरू या?” त्या म्हणाल्या, “आपल्या राजाला भेटायला निघालोय आणि अर्ध्या वाटेतून परतू?” बोरीवलीच्या नॅशनल पार्कात रविवारी सकाळी दिसतात तशीच माणसे तिथेही होती. धापा टाकत पळणारे, कुत्र्याला फिरवणारे, बाकावर पेपर पसरून बसलेले आजोबा. उद्यान संपत आले की गर्दी विरळ होते. वर एक मोठा तारांचा पूल दिसायला लागतो. 1978 साली झालेल्या या पुलाचे नाव ‘पोन्ते अल्लिन्दियानो’, म्हणजे त्या भारतीयापाशी असलेला पूल. आम्ही रस्ता विचारला तर सगळ्यांना ‘इन्दियानो’ ठाऊक. तो भारतीय कोण, हे मात्र त्यांतल्या एकालाही सांगता आले नाही.

आणि मग छत्री.

पहिल्या नजरेत ती जरा जास्तच नटलेली वाटते. खांबांवर तोललेले नक्षीदार छत्र, खाली चौथरा, मधे महाराजांचा अर्धपुतळा. फ्लोरेन्सचे दगड करड्या-पिवळ्या, संयमी रंगांचे. इथे एकदम रंग आणि वेलबुट्टी. छत्राचे रेखाटन चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी वास्तुकाराचे. हे नाव कोल्हापूरकराने लक्षात ठेवावे. 1877 साली कोल्हापुरात ज्याचे काम सुरू झाले आणि 1884 साली पुरे झाले, तो घड्याळाच्या मनोऱ्याचा न्यू पॅलेस याच मँटचा. बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्याचाच. मुघल, राजपूत आणि युरोपीय वळणे एकत्र गुंफण्याची त्याची पद्धत छत्रीत आधीच दिसते. माझे स्पष्ट मत सांगते. छत्राच्या नक्षीत मराठी असे फारसे काही नाही. पंचगंगेच्या घाटावरच्या राजघराण्याच्या समाध्यांचा काळा, जड, निगरगट्ट दगड ज्याने पाहिला आहे, त्याला हे छत्र पुस्तकातल्या हिंदुस्थानसारखे वाटेल. सुंदर आहे, नेटके आहे, पण परक्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

तरी एक गोष्ट मँटने नेमकी पकडली. छत्री म्हणजे आत जाण्याची वास्तू नव्हे. ती चारी बाजूंनी मोकळी असते. शहराच्या मधोमध ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात, जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, विटांचा प्रचंड घुमट चढवला. त्याच्या पोटात शेकडो पायऱ्या चढून जाता येते. तो घुमट आभाळ आत कोंडून घेतो. छत्री काहीच कोंडत नाही. जिथे देह जळला त्या जागेवर नुसती सावली धरते. ऊन, वारा, नदीवरचा दमट वास, सगळे आरपार जाते. फ्लोरेन्सभर बंदिस्त वास्तू पाहून आल्यावर ही मोकळीक फार आल्हादक वाटते.

खरा रस मात्र पुतळ्यात आहे. तो घडवला चार्ल्स फ्रान्सिस फुलर या फ्लोरेन्समध्ये राहणाऱ्या इंग्रज शिल्पकाराने. पुतळा रंगवलेला आहे, आणि इथेच तो मनात घर करतो. या शहरात माणूस पांढऱ्या संगमरवराला सरावतो. पांढरा संगमरवर वय लपवतो, कातडीचा रंग लपवतो, सगळ्यांना देवासारखे करून टाकतो. इथे डोक्यावर मराठी पागोटे आहे, अंगावर अलंकार आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक सावळा, गोल, कोवळा चेहरा आहे. मुद्रेत राजेपणाचा ताठा नाही. कॉलेजातल्या मुलाला फोटोसाठी नीट बस म्हणावे आणि तो बसावा, तसे ते बसणे. सासूबाई जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या कॉलेजचं नाव याच्यावरून? एवढंसं पोर गं हे!” दागिन्यांनी चेहरा झाकू न देणे हे फुलरचे कसब. मागच्या छत्रात जो मराठीपणा हरवला, तो या मुखावर पुन्हा सापडतो.

चौथऱ्यावर चार भाषांत मजकूर कोरला आहे. इटालियन आणि इंग्रजीबरोबर आपल्याकडच्या भाषांनाही जागा मिळाली आहे. मुलाने चारी बाजूंनी फेरी मारून प्रत्येकीवर बोट ठेवले. अजाणता प्रदक्षिणा झाली. संगमाची जागा अशीच नजरेत भरते. आर्नो इथे संथ आणि मातकट आहे, मुन्योने तर पावसाळा सोडला तर ओढाच. पण दोन पाणी मिळतात ती रेषा दिसते, आणि प्रयागाहून किंवा नरसोबाच्या वाडीहून आलेल्या डोळ्याला ती लगेच ओळखू येते.

मला तिथे मंडपेश्वर आठवले, बोरीवलीच्या आय. सी. कॉलनीलगतचे. डोंगराच्या पोटात सहाव्या शतकाच्या सुमाराचे शैव लेणे, आत नटराज, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याचे केलेले चर्च. वर त्यांच्या मठाच्या पडक्या भिंती आजही उभ्या. आमची मुले तिथल्या मोकळ्या जागेत क्रिकेट पाहत मोठी झाली. तिथे युरोप आपल्या शंकराच्या डोक्यावर येऊन बसला. इथे आपला राजा युरोपच्या नदीकाठी, यजमानाची परवानगी घेऊन, बाजूला थोडी जागा मागून राहिला आहे. एक वास्तू जिंकणाऱ्याची आहे, दुसरी पाहुण्याची. पाहुण्याची वास्तू मला जास्त आवडते.

परतताना मुलीने विचारले, “पण आई, ते फिरायलाच आले होते ना? आपल्यासारखे?” हो, तसेच. राजकारण होते, मानपान होता, पण रोजनिशी ठेवणारा तो तरुण मुळात पाहायला निघालेला प्रवासी होता. नवीन शहर, नवीन माणसे, नवीन चवी. म्हणून त्याच्या छत्रीपाशी तोंड पाडून उभे राहावेसे वाटत नाही. आम्ही तिथेच गवतावर बसलो, पिशवीतला चिवडा काढला, बाजूच्या इटालियन आजोबांना दिला. त्यांनी शेंगदाणे आधी वेचून खाल्ले.

संध्याकाळी साडेसातला, हॉटेले उघडायच्या वेळी, आम्ही दारात पहिले. पांढऱ्या घेवड्याची टोमॅटोतली उसळ, तळलेली आर्टिचोकची फुले, बिनमिठाचा पाव. बिलात बसण्याचे वेगळे पैसे लागतात, ते तक्रार न करता द्यावेत. त्यांच्या बदल्यात तासन् तास कोणी उठवत नाही. दादरच्या एखाद्या उडुपी हॉटेलात आपल्या खुर्चीमागे पुढचे गिऱ्हाईक उभे असण्याची सवय असलेल्यांना हा मोठा आराम आहे. सासूबाईंनी त्या रात्री त्यांच्या कॉलेजातल्या इतक्या गोष्टी सांगितल्या, जेवढ्या घरी कधी सांगितल्या नव्हत्या.

फ्लोरेन्सला जाल तर सोमवारची सकाळ या छत्रीसाठी ठेवा. उफ्फित्सी आणि डेव्हिडचे संग्रहालय त्या दिवशी बंदच असतात. मंडई मात्र उघडी असते. आधी पोटभर खा, पाण्याची बाटली बरोबर घ्या, आणि घरात कोल्हापूरचे कोणी असेल तर त्यांना पुढे चालू द्या.